पिक लाइनचं टोक कुठे गेलं हे बघायचं कोणी?

गिरणाकाठची

नमस्कार. मी जळगाव जिल्ह्यातल्या एका खाजगी हॉस्पिटलात आयसीयूला स्टाफ नर्स आहे. जीएनएम झाले, नंतर पोस्ट बेसिक केलं. नोकरीला ११ वर्षं झाली, त्यातली ९ आयसीयूतच गेली. इथे नर्सिंगमधले बरेच जण लिहितात म्हणून विचारते आहे. जरा लांबेल, कारण आधी घडलं ते सांगितल्याशिवाय माझा प्रश्न कळणार नाही.

अखाजीच्या आठवड्यातली गोष्ट. चोपड्याकडच्या एका गावची आजी, साठीच्या पुढची. पायाच्या हाडात इन्फेक्शन होतं. ६ आठवडे अँटिबायोटिक द्यायचं म्हणून दुसऱ्या शहरातल्या एका हॉस्पिटलने तिच्या उजव्या दंडात पिक लाइन (दंडातल्या शिरेतून हृदयाजवळ नेतात ती लांब बारीक नळी) टाकली आणि पुढचे दिवस घराजवळ काढा म्हणून आमच्याकडे पाठवलं. कागदावर लाइन कोणत्या हातात आहे तेवढंच होतं. आत किती सेंटीमीटर, बाहेर किती, काही नाही. एक्सरेची फिल्म नाही, मोबाइलवर फोटोसुद्धा नाही. आली तेव्हा रात्रीचे सव्वाअकरा वाजले होते.

रक्तात पोटॅशियम फार कमी निघालं. आरएमओने (ड्युटीवरच्या डॉक्टरने) पोटॅशियमचं ड्रिप लिहिलं, लाइनमधूनच द्या म्हणाले. मी १० एमएलच्या सिरिंजने फ्लश केलं, म्हणजे सलाईन ढकलून लाइन धुतली. रक्त छान परत आलं, फ्लशही अडला नाही. मी मनात म्हटलं, लाइन चांगली आहे. तेवढ्यात आजी म्हणाली, "कानमा पानी खयखयी राह्यनं वं माय." म्हणजे कानात पाणी खळखळतंय.

मी तिला म्हटलं, "काही नही माय, झोपी जा." मला वाटलं एसीचा आवाज, नाहीतर वयाचं काहीतरी. ड्रिप लावलं. दोनच्या सुमाराला अँटिबायोटिकच्या आधी परत फ्लश केलं, तेव्हाही ती तेच म्हणाली. चारला तिसऱ्यांदा फ्लश केलं तेव्हा तिने स्वतःच उजव्या कानामागे बोट ठेवलं. "आठे वाजस." इथे वाजतं.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ड्रिप बंद केलं, दुसऱ्या हातात विगो (साधी सलाईनची सुई) टाकला, आरएमओंना उठवलं. एक्सरे टेक्निशियन रात्री घरी असतो, तो यायला सहा वाजले. फिल्म बघितली तर लाइन दंडातून कॉलरबोनखाली बरोबर आली होती आणि तिथून खाली हृदयाकडे वळायच्या ऐवजी वर गळ्यात गेली होती. जवळजवळ ४ तास पोटॅशियम मी त्या मानेच्या शिरेत सोडत होते. आजीला काही झालं नाही. सकाळी डॉक्टरांनी लाइन मागे घेऊन बदलली. पण ती तीनदा सांगत होती आणि मी दोनदा तिला झोप म्हटलं, हे माझ्या मनातून जात नाही.

आता प्रश्न. आमच्या क्रिटिकल केअरच्या डॉक्टरांनी मला आणि एका ब्रदरला (पुरुष नर्सला) बोलावून सांगितलं की, पिक लाइन टाकायला तुम्ही दोघं शिका. आज इथे फक्त लाइनसाठी पेशंटला नाशिकला नाहीतर संभाजीनगरला पाठवतात. गाडीभाडं, एक दिवसाचा खाडा, सोबत दोन नातेवाईक. केमोच्या बायकांचे हात तर सुया खाऊन काळेनिळे झालेले असतात. मला शिकायचं आहे, मनापासून शिकायचं आहे. पण लाइन मी टाकली तर टोक बरोबर जागी आहे हे कोण म्हणणार? रात्री आमच्याकडे रेडिओलॉजिस्ट नसतो. फिल्म मी बघून मीच ड्रिप सुरू करायचं का? फिल्म येईपर्यंत थांबायचं म्हटलं आणि वरून कोणी ओरडलं तर? आणि कायद्याने हे आपल्याला चालतं का? ज्यांनी प्रत्यक्ष केलं आहे त्यांनी कृपया लिहा.

---

रात्रपाळी_भुसावळ

ताई, तुमच्या जागी मी असतो तर मीही पहिल्यांदा झोपा आजीच म्हटलं असतं. स्वतःला दोष देऊ नका.

पण माझं मत विचाराल तर घाई करू नका. मी ब्रदर म्हणून ७ वर्षं काम करतो. आधी आम्हाला एबीजी (धमनीतल्या रक्ताची तपासणी) काढायला शिकवलं, मग ते आमचंच काम झालं. मग नाकातून पोटात जाणारी राइल्स ट्यूब, मग लघवीचा कॅथेटर, मग अजून एक. प्रत्येक वेळी कामाचं कौतुक झालं पण माणसं वाढली नाहीत. रात्री ८ पेशंटला आम्ही दोघं. लाइन टाकायला धरून चला पाऊण तास ते तास, त्यात एक जण पूर्ण अडकला. तेवढ्यात शेजारच्या बेडवरचा पेशंट बिघडला तर ग्लोव्हज काढून पळणार का?

दुसरं, लाइन टाकण्यापेक्षा ती सांभाळणं अवघड. आमच्याकडे क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाचं ड्रेसिंग महिन्यातून चार दिवस संपलेलं असतं. पारदर्शक ड्रेसिंग ७ दिवसांनी आणि गॉजचं २ दिवसांनी बदलायचं हे सगळ्यांना पाठ आहे, पण गॉजवर चौथा दिवस गेलेला मी पाहिला आहे. आधी स्टोअरकडून ते लिहून घ्या. मग शीर बघायचा सोनोग्राफीचा प्रोब हातात घ्या.

---

सातपुड्याची_ताई

गिरणाकाठची, तुझी पोस्ट दोनदा वाचली. मी नंदुरबारची. इंग्लंडमध्ये एका सरकारी हॉस्पिटलात ८ वर्षं होते, त्यातली ५ लाइन टाकणाऱ्या नर्सेसच्या टीममध्ये. आता परत आले आहे, आईसाठी. तिकडे पिक लाइन नर्सच टाकतात, डॉक्टरला बोलवायची वेळ क्वचित. नर्सने टाकली म्हणून धोका वाढतो असं नाही. ऑस्ट्रेलियातल्या एका हॉस्पिटलातल्या नर्सेसनी १९९६ ते २००९ या काळात ४५६० लाइन टाकल्या, त्यात हातातल्याही होत्या आणि मान, कॉलरबोनखालच्याही. त्याचा हिशेब २०१४ मध्ये 'क्रिटिकल केअर मेडिसिन'मध्ये छापून आला. फुप्फुसाला छिद्र पडून हवा भरली ते ०.४ टक्के, चुकून धमनीला सुई लागली ते १.३ टक्के. पण ते एका दिवसात शिकलेले लोक नव्हते, आणि त्यांच्या मागे टीम होती. भुसावळच्या भाऊंचं म्हणणं म्हणून मला पटतं. एकटीने करू नकोस.

आता टोकाचं. कारण तुझा खरा प्रश्न तोच आहे.

टोक कुठे हवं आणि का, हे आधी मनात पक्कं बसव. दंडातल्या बॅसिलिक शिरेतून मिनिटाला जेमतेम १००-१५० एमएल रक्त वाहतं. हृदयाच्या तोंडाशी, सुपीरियर व्हीना केव्हात, २ लिटरच्या आसपास. पाटाच्या पाण्यात युरियाची गोणी रिकामी केली तर पुढचं केळं जळतं, तापीच्या पुरात केली तर पाण्याला कळतही नाही. पोटॅशियम, बीपी वाढवायचं नॉरॅड, केमोची काही औषधं ही त्या गोणीसारखी. म्हणून टोक जिथे मोठी शीर उजव्या कर्णिकेला मिळते तिथे हवं. वर राहिलं तर शीर सुजते, गुठळी होते. फार खाली गेलं तर हृदय ठोके चुकवतं.

रक्त परत आलं आणि फ्लश सुरळीत गेला म्हणजे टोक बरोबर, असं समजू नकोस. ही चूक मीही केली आहे. मानेतल्या शिरेतूनही रक्त छान येतं. ते फक्त सांगतं की तू कुठल्यातरी शिरेत आहेस.

मी कसं करायचे ते सांगते. सुई लावायच्या आधी टेपने मोजायचं. पेशंटचा हात अंगापासून काटकोनात बाहेर, टोचायच्या जागेपासून उजव्या कॉलरबोनच्या आतल्या टोकापर्यंत, तिथून खाली उजव्या बाजूच्या तिसऱ्या फासळीखालच्या फटीपर्यंत. तो आकडा हातावर नाही, कागदावर लिहायचा. मग प्रोबने शीर बघायची, टुर्निकेट (दंडाला आवळायचा पट्टा) न बांधता. दाबली की चपटी होते ती शीर. दाबूनही धडधडत राहते ती धमनी, तिच्या शेजारी नर्व्हही असते, तिथून लांब. ४ फ्रेंच जाडीची (साधारण १.३ मिलिमीटर) लाइन असेल तर शीर ३ मिलिमीटरची तरी हवी. लाइनने शिरेची ४५ टक्क्यांपेक्षा जास्त रुंदी खाल्ली तर रक्त अडतं. शीर लहान दिसली की मी लाइन टाकायचेच नाही, दुसरा हात बघायचे.

लाइन आत सरकवताना पेशंटला हनुवटी त्याच खांद्याकडे वळवून टेकवायला सांगायचं. त्याने मानेकडचा रस्ता थोडा दबतो. नेहमी साधतं असं नाही, पण सांगायचंच. आणि पूर्ण आत गेली की टाके-ड्रेसिंग करायच्या आधी, सगळं निर्जंतुक असतानाच प्रोब मानेवर ठेवायचा. मोठी शीर रिकामी दिसते का? कोणाला फ्लश करायला सांगून शिरेत काही चमकतं का? तुझ्या आजीच्या बाबतीत हे एक मिनिट कोणी दिलं असतं तर ती रात्र आलीच नसती. शिवाय पेशंट जागा असेल तर विचारायचं, कानात काही वाजतं का. पुस्तकात आहे ते. तुझ्या आजीने तुला पुस्तकातलंच सांगितलं होतं.

नंतर ईसीजी. हे मला सगळ्यात आवडतं. लाइनमध्ये सलाईन भरून किंवा आतल्या तारेला क्लिप लावून, मॉनिटरची उजव्या हाताची लीड तिथे जोडायची, आणि मॉनिटरवरची लीड टू ही रेघ बघत राहायचं. टोक खाली जाऊ लागलं की पी वेव्ह, म्हणजे प्रत्येक ठोक्याच्या सुरुवातीची छोटी लाट, उंच होत जाते. हृदयाच्या तोंडाशी ती सगळ्यात उंच. अजून पुढे ढकललं की तिच्या आधी एक खाली जाणारा खड्डा दिसतो, मग ती अर्धी वर अर्धी खाली होते. म्हणजे तू कर्णिकेत गेलीस. मागे घे, खड्डा जाईपर्यंत आणि पी वेव्ह सगळ्यात उंच होईपर्यंत. तिथे थांब. त्याची पट्टी छापून फाइलला लाव. पी वेव्ह मुळीच उंच होत नसेल तर समज, लाइन दुसरीकडे गेली आहे. एट्रियल फिब्रिलेशन (कर्णिकांची अनियमित थरथर) असेल तर पी वेव्हच नसते, पेसमेकर असेल तरी भरवसा नाही, त्यांना एक्सरेच.

तुमच्याकडे सुरुवातीला ईसीजी असो नसो, एक्सरे कराच. फिल्मवर श्वासनलिका जिथे दोन फाटे फुटते ती जागा शोध. तिथून खाली दोन मणक्यांच्या उंचीइतकं, साधारण ४ सेंटीमीटर, तिथे टोक असावं. आणि फिल्म काढताना हात अंगाजवळ ठेवायला सांग. हात अंगाजवळ आला की बॅसिलिकमधल्या लाइनचं टोक खाली सरकतं, २ सेंटीमीटरपर्यंत. हात वर ठेवून काढलेली फिल्म सुंदर दिसते आणि पेशंट कुशीवर झोपला की ठोके चुकायला लागतात. मला हे एका पेशंटने शिकवलं.

शेवटी "वरून कोणी ओरडलं तर". अमेरिकेत मिशिगनमध्ये १०३ आयसीयूंनी लाइन टाकायचे पाच साधे नियम पाळले. हात धुणं, अंगभर चादर-गाऊन-मास्क, क्लोरहेक्सिडिन, शक्यतो मांडीत लाइन नको, आणि गरज संपली की काढा. नियम मोडला तर डॉक्टरला थांबवायचा अधिकार नर्सला दिला. लाइनच्या इन्फेक्शनचा मधला आकडा १००० कॅथेटर-दिवसांमागे (एक लाइन एक दिवस आत राहिली की एक) २.७ होता, तो तीन महिन्यांत शून्यावर आला. २००६ ला 'न्यू इंग्लंड जर्नल'मध्ये आलं. त्यात औषध नवीन नव्हतं, मशीन नवीन नव्हतं. तू लाइन टाकायला शिकायच्या आधी डॉक्टरांकडून हे लिहून घे की, टोकाची नोंद फाइलवर नसेल तर सिस्टर ड्रिप लावणार नाही. लाइन कोणीही टाकलेली असो, बाहेरून आलेली असो.

---

धुळे_क्रिटिकल_केअर

मी डॉक्टर आहे, धुळ्यात आयसीयू बघतो. सातपुड्याच्या ताईंनी जे लिहिलं त्यातलं निम्मं मला एमडीनंतर कळलं, हे प्रामाणिकपणे सांगतो. मी फक्त कायद्याचं आणि एक अनुभव लिहितो.

सोनोग्राफीचं मशीन आपल्याकडे पीसीपीएनडीटी कायद्याखाली नोंदवलेलं असतं, कोण वापरणार त्या डॉक्टरांची नावंही त्या नोंदणीत असतात. कायदा १९९४ चा, गर्भलिंग तपासणीविरुद्धचा. पण तो मशीनला बघतो, तुम्ही दंड बघताय की पोट हे नंतर. तेव्हा सिस्टरच्या हातात प्रोब देण्याआधी तुमच्या डॉक्टरांनी जिल्हा शल्यचिकित्सकांच्या कार्यालयात लेखी विचारावं आणि उत्तर फाइलला ठेवावं. तोंडी "चालतं हो" यावर जाऊ नका. यात अडकलात तर भोगणार तुम्ही.

तुमचं रजिस्ट्रेशन महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं. इंडियन नर्सिंग कौन्सिलने क्रिटिकल केअरमधला नर्स प्रॅक्टिशनरचा २ वर्षांचा रेसिडेन्सी कोर्स आणला आहे, वय आणि घर जमत असेल तर त्याचा विचार करा. तोवर हॉस्पिटलचं लेखी धोरण हवं. कोण टाकणार, किती लाइन देखरेखीखाली टाकल्यावर स्वतंत्र, कोणता डॉक्टर ऑर्डर देणार, फिल्म कोण वाचणार, किती प्रयत्नांनंतर थांबायचं. आमच्याकडे दोन सुया हुकल्या की हात बदलतो किंवा माणूस बदलतो. नर्सिंग इंडेम्निटी विमा (कोणी भरपाई मागितली तर संरक्षण देणारा) वेगळा काढा. कन्सेंटवर नर्स लाइन टाकणार आहे हे मराठीत लिहिलेलं असू द्या. लपवायचं काही नाही.

मानेतल्या लाइनचं आत्ता मनात आणू नका. काही वर्षांपूर्वी एका पेशंटला मी स्वतः मानेत लाइन टाकत होतो. विषबाधेचा पेशंट होता, कपाशीवरचं औषध प्यायलेला, बीपी ६०. सुईतून काळसर रक्त हळूहळू आलं, उडालं नाही, मी म्हटलं शीर. वाट रुंद करायचा मोठा डायलेटर हातात घेतला होता. आमच्या सिस्टर म्हणाल्या, सर, एकदा नळी लावून बघा. सुईला आयव्हीची छोटी नळी लावून वर धरली, रक्त खाली उतरायला हवं होतं. ते वरच चढत गेलं. धमनी होती. बीपी एवढं कमी आणि ऑक्सिजन एवढा कमी असला की धमनीचं रक्तही शिरेसारखंच दिसतं. सुई काढून दाबून धरली, काही झालं नाही. डायलेटर घातला असता तर त्या माणसाच्या मेंदूला धोका होता. तेव्हापासून रंगावर मी विश्वास ठेवत नाही.

एक आठवण म्हणून सांगतो. १९२९ साली जर्मनीत एबर्सवाल्डेला व्हेर्नर फोर्समन नावाच्या तरुण डॉक्टरने स्वतःच्या हाताच्या शिरेतून ६५ सेंटीमीटर नळी हृदयापर्यंत नेली. उपकरणं ज्या नर्सच्या ताब्यात होती त्या गेर्डा डिट्झेन यांनी माझ्यावर करा म्हणून स्वतःला पुढे केलं होतं. त्याने त्यांना टेबलाला बांधलं आणि गुपचूप स्वतःवरच केलं. नळी हातात तशीच ठेवून तो आणि त्या एक्सरे खोलीत गेले, टोक कुठे आहे ते बघायला. १९५६ ला त्याला नोबेल मिळालं. टोक बघायला गेल्याशिवाय त्यालाही राहवलं नाही.

---

तळोद्याचा_भाऊ

मी डॉक्टर नाही, नर्स नाही. माझ्या लहान बहिणीला सिकलसेल आहे. आमच्याकडे पाड्यापाड्यावर हा आजार आहे. तिच्या हाताला आता शीर सापडत नाही. मागच्या पावसाळ्यात तिला अ‍ॅडमिट केलं तेव्हा सात वेळा टोचलं. सातव्या वेळी ती रडली नाही, फक्त माझ्याकडे बघत होती. शेवटी सुरतला नेलं, तिथे मशीनवर बघून एका सिस्टरनेच एका वेळेत सुई लावली.

तुम्ही शिका ताई. फक्त तिने काही सांगितलं तर ऐका एवढंच.

---

गिरणाकाठची

सगळ्यांचे मनापासून आभार. लिहायला तीन आठवडे लागले, मध्ये ड्युटी बदलली होती.

भुसावळचे दादा, तुमच्या प्रतिसादाचा प्रिंट काढून मी इन्चार्ज सिस्टरना दाखवला. ड्रेसिंगचं स्टोअरकडून लेखी आलं आहे, महिन्याचा कोटा वेगळा ठेवणार. माणसाचं अजून ठरलं नाही. लाइन फक्त दिवसपाळीत, ११ ते ३ मध्ये टाकायची, तेव्हा तिसरी सिस्टर देणार असं तोंडी म्हणाले आहेत. तोंडी आहे, लेखी मागितलं आहे.

डॉक्टरसाहेब, पीसीपीएनडीटीचं आमच्या डॉक्टरांच्या लक्षात आलं नव्हतं. त्यांनी अर्ज दिला आहे. उत्तर येईपर्यंत प्रोब त्यांच्याच हातात राहील. मी शेजारी उभी राहून मोजमाप, ट्रॉली आणि टोकाची नोंद करते. अशा ४ लाइन झाल्या. त्यातली एक दुसऱ्या बाजूच्या शिरेत आडवी गेली होती, ईसीजीवर पी वेव्ह जशीच्या तशी राहिली म्हणून आम्ही थांबलो आणि टेबलावरच मागे घेऊन परत सोडली. पी वेव्ह वर चढताना मी पहिल्यांदा बघितली. ताई, तुम्ही म्हणता ते खरं आहे, बघतच राहावंसं वाटतं.

तळोद्याचे भाऊ, बहिणीला आमचा नमस्कार सांगा. तुमचं शेवटचं वाक्य मी डायरीत पहिल्या पानावर लिहिलं आहे.

आणि टोकाचा कागद तयार झाला. एक पान आहे, फाइलच्या सगळ्यात वर लागतं. लाइन कोणत्या दंडात, शीर किती मिलिमीटर, आत किती, बाहेर किती, मानेवर प्रोब ठेवला का, पी वेव्हची पट्टी, फिल्मवर टोक कुठे, कोणी बघितलं त्याची सही आणि वेळ. प्रत्येक पाळीला बाहेरची लांबी परत मोजायची. सही नसेल तर ड्रिप लागत नाही, बाहेरून आलेल्या पेशंटलाही. मागच्या मंगळवारी रात्री एक पेशंट तसाच आला, फिल्म नव्हती. आरएमओ म्हणाले सुरू करा. मी कागद दाखवला, हातात विगो टाकला आणि टेक्निशियनला फोन केला. ओरडलं कोणी नाही. पेशंटच्या मुलाने मात्र विचारलं की एवढा उशीर का. त्याला मी फिल्म आल्यावर बोलावून दाखवली, टोक इथे हवं, इथेच आहे. तो बराच वेळ बघत होता.

कागदाच्या तळाला मी एक ओळ अहिराणीत लिहिली आहे, कारण आमचे पेशंट मराठीत विचारलं की "काही नाही" म्हणून मोकळे होतात. ओळ अशी आहे, "फ्लश करताना कानमा काही वाजस का?"

सातपुड्याची ताई, हेच पावरीत कसं विचारायचं ते लिहून पाठवाल का? चोपडा-यावलच्या वरच्या पाड्यांवरून बायका येतात, त्यांना आमची अहिराणीही नीट कळत नाही. कागद परत छापायला शनिवारी द्यायचा आहे.